शुश्रूषेचे तास कोण मोजणार?

२०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेने परिचारिका आणि सुईणी यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले होते. आधुनिक परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला त्या वर्षी १२ मे रोजी दोनशे वर्षे पूर्ण झाली. एरवी हे वर्ष परिसंवाद, सत्कार आणि स्मरणिका यांत सरून गेले असते. परंतु कोविडची साथ आली आणि सत्कारमूर्तींना सत्कार स्वीकारण्याचीही उसंत उरली नाही. २२ मार्चला देशभर टाळ्या आणि थाळ्या वाजल्या. ३ मे रोजी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. कृतज्ञतेचा हा आविष्कार खोटा होता असे म्हणण्याचे कारण नाही. मात्र ज्यांच्यावर ही फुले पडली, त्या किती तास पायांवर उभ्या होत्या, त्यांना मध्ये पाणी पिता आले होते काय आणि पुढच्या पाळीपूर्वी त्यांना झोप मिळणार होती काय, हे प्रश्न त्या गजरात फारसे कोणी विचारले नाहीत.

ते विचारले परिचारिकांनीच. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील परिचारिकांच्या संघटनेने जून २०२० मध्ये जे आंदोलन केले, त्यातील मुख्य मागणी पगारवाढीची नव्हती. संरक्षक पोशाख अंगावर असताना सलग चार तासांपेक्षा अधिक काम देऊ नये, एवढीच ती होती. देशातील अग्रगण्य रुग्णालयातील शिक्षित आणि संघटित परिचारिकांना एवढ्याशा गोष्टीसाठी रस्त्यावर उतरावे लागले असेल, तर तालुक्याच्या गावातील खासगी इस्पितळात कंत्राटावर राबणाऱ्या मुलीची अवस्था काय असेल, याची कल्पना करणे अवघड नाही. साथ जेथून सुरू झाली त्या वुहानमध्ये अनेक रुग्णालयांनी पाळ्या चार ते सहा तासांवर आणल्या होत्या. तेव्हा ही मागणी लाडावलेल्या नोकरदारांची नव्हती. जगात अन्यत्र अनुभवाने जे शहाणपण आले होते, तेच त्या मागत होत्या.

चार तासांचा हा आकडा आला कोठून, हे समजण्यासाठी तो पोशाख काय असतो हे पाहिले पाहिजे. डोक्यापासून पायापर्यंत हवाबंद झगा, त्याखाली घट्ट मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा, त्यावर पारदर्शक पडदा आणि हातांत दुहेरी मोजे. मुंबईच्या मे महिन्यात, वातानुकूलन बंद ठेवलेल्या कक्षात हा पोशाख घालून उभे राहिले की अर्ध्या तासात अंगावरचे कपडे घामाने चिंब होतात आणि चष्म्यावर वाफ धरते. तो एकदा चढवला की काढेपर्यंत पाणी नाही, अन्न नाही आणि शौचालयही नाही. मासिक धर्माच्या दिवसांत या यातनेत आणखी भर पडते. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत पोशाखांचाच तुटवडा होता. त्यामुळे मध्ये काढून दुसरा घालण्याची सोय नव्हती. पाळी आठ तासांची असेल तर पोशाखही आठ तास अंगावर राहणार, हे ठरलेले होते.

उलटा न्याय

संकटकाळी सर्वांनीच जास्त काम केले पाहिजे, हे वाक्य ऐकायला इतके रास्त वाटते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. धरण फुटले, आग लागली, भूकंप झाला, तर ते खरेही आहे. अशी आपत्ती दोन-चार दिवसांची असते आणि त्या दिवसांपुरते माणूस झोप बाजूला सारू शकतो. साथ मात्र महिनोन्‌महिने चालते. महाराष्ट्रात कोविडचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यात आढळले आणि दुसरी, अधिक भीषण लाट २०२१ च्या उन्हाळ्यात ओसरली. म्हणजे सव्वा वर्ष. दोन दिवसांच्या आपत्तीचा न्याय सव्वा वर्षाच्या साथीला लावणे हीच मूळ चूक होय. साथीच्या काळात परिचारिकेच्या कामाचा प्रत्येक तास नेहमीपेक्षा जड असतो. म्हणून तिच्या पाळीचे तास वाढता कामा नयेत, ते कमी झाले पाहिजेत. ही दयेची बाब नव्हे. रुग्णाचा जीव वाचण्याशी तिचा थेट संबंध आहे.

या संबंधाचा पुरावा साथीच्या कितीतरी आधीपासून उपलब्ध आहे. अमेरिकेत ॲन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९३ परिचारिकांकडून त्यांच्या कामाच्या नोंदवह्या भरून घेतल्या. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, पाळी साडेबारा तास किंवा त्याहून लांब झाली की हातून चूक होण्याची शक्यता सुमारे तिपटीने वाढते. त्याआधी, २००२ मध्ये, लिंडा एकन यांनी पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध केली होती. एका परिचारिकेकडे शस्त्रक्रियेचा एक रुग्ण अधिक सोपवला की, दाखल झाल्यापासून तीस दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. हे आकडे साध्या दिवसांचे आहेत. त्यांत घामाने भिजलेला पोशाख, वाफ धरलेला चष्मा आणि स्वतःला लागण होण्याची भीती यांचा हिशेब धरलेला नाही.

अतिदक्षता विभागात नेमके काय चालते, हे बाहेरच्या माणसाला सहसा दिसत नाही. डॉक्टर येतात, तपासतात, औषधे लिहितात आणि पुढच्या रुग्णाकडे जातात. उरलेले तास रुग्णाजवळ परिचारिका असते. प्राणवायूचे प्रमाण, नाडी, रक्तदाब आणि लघवीचे मोजमाप यांच्या नोंदी ती ठेवते. शिरेतून जाणाऱ्या औषधाचा वेग तीच सांभाळते. कोविडच्या रुग्णाला पालथे झोपवावे लागे. नळ्या लावलेल्या, शुद्ध हरपलेल्या माणसाला असे वळवण्यास चार-पाच जणांचे हात लागतात आणि नळी सुटली तर क्षणात प्राणावर बेतते. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता, त्यामुळे रुग्णाला घास भरवणे, त्याच्या घरच्यांशी फोनवर बोलणे करून देणे आणि कित्येकदा अखेरच्या क्षणी त्याचा हात हातात धरणे, हेही तिच्याच वाट्याला आले. अशा कामात दहाव्या तासाची सावधता पहिल्या तासाइतकी राहील अशी अपेक्षा धरणे हा मानवी शरीराविषयीचा अडाणीपणा आहे.

थकव्याचा धोका रुग्णापुरताही मर्यादित राहत नाही. दूषित पोशाख अंगावरून उतरवण्याचा क्षण हा सर्वांत जोखमीचा मानला जातो. मोजे कोणत्या क्रमाने काढावेत, झगा कसा गुंडाळावा, मध्ये किती वेळा हात धुवावेत, याची शिस्त ठरलेली असते. ही शिस्त पाळायची असते ती पाळीच्या शेवटी, म्हणजे अंगातले त्राण संपलेले असताना. एप्रिल २०२० मध्ये मुंबईतील एका मोठ्या खासगी रुग्णालयात वीसहून अधिक परिचारिकांना लागण झाली आणि ते रुग्णालयच बंद करावे लागले. तेथे लागण नेमकी कशाने पसरली यावर मतभेद असू शकतील. पण एक परिचारिका आजारी पडली की तिच्या वाट्याच्या सर्व पाळ्या बुडतात आणि तिच्या सोबतिणींवरचा भार तेवढा वाढतो, यावर मतभेदाला जागा नाही. पाळी लांबवून वाचवलेले मनुष्यबळ अशा रीतीने एका आठवड्यात हातचे जाते.

अंकगणित काय सांगते

तरीही व्यवस्थापन पाळी लांबवण्याकडेच का वळते, याचे उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. आठवड्याचे तास १६८. अतिदक्षता विभागातील एका खाटेजवळ अहोरात्र एक परिचारिका हवी असेल, तर हे १६८ तास कोणीतरी भरून काढले पाहिजेत. प्रत्येकीने बारा तासांच्या सहा पाळ्या, म्हणजे आठवड्याला ७२ तास काम केले, तर सव्वादोनपेक्षा थोड्या अधिक परिचारिका पुरतात. आठ तासांच्या सहा पाळ्यांना, म्हणजे ४८ तासांना, साडेतीन लागतात. सहा तासांच्या सहा पाळ्यांना पावणेपाचच्या जवळपास लागतात. रजा व आजारपण यांसाठी ३० टक्के राखीव धरले, तर दहा खाटांच्या विभागाला अनुक्रमे सुमारे ३०, ४५ आणि ६० परिचारिका हव्यात. म्हणजे बारा तासांची पाळी ठेवणाऱ्याचा खर्च, सहा तासांची पाळी ठेवणाऱ्याच्या निम्म्यावर येतो. या निम्म्या खर्चाची भरपाई कोण करते, हे ताळेबंदात कोठेच लिहिलेले नसते. ती परिचारिका करते, आणि चूक झाली तर रुग्ण करतो.

लहान पाळ्यांवरचे आक्षेपही विचारात घेतले पाहिजेत, कारण ते सर्वच कोत्या मनाचे नाहीत. पाळ्या वाढल्या की पोशाख अधिक लागतात. एका पाळीकडून दुसरीकडे कक्ष सोपवताना रुग्णाविषयीची माहिती निसटण्याचा धोका असतो. तीनच्या जागी चार पाळ्या झाल्या की असे प्रसंगही वाढतात. शिवाय बारा तासांच्या थोड्या पाळ्या करून सलग सुट्टी मिळवणे काही परिचारिकांना स्वतःलाच सोयीचे वाटते. पण पोशाखांचा तुटवडा हा काही महिन्यांचा होता. उत्पादन वाढताच तो संपला. माहिती सोपवताना ती निसटू नये यावर उपाय आहे: पाळ्यांमध्ये अर्ध्या तासाचा दुवा ठेवावा आणि तो कामाच्या तासांतच धरावा. बारा तासांच्या पसंतीचे म्हणावे तर, आठवड्यात तीन पाळ्या करणाऱ्या परदेशातील परिचारिकेची पसंती ही सहा पाळ्या करणाऱ्या भारतीय परिचारिकेची पसंती म्हणून दाखवणे ही शुद्ध हातचलाखी आहे.

मुंबईत तर घड्याळातले तास आणि प्रत्यक्ष तास यांत आणखी अंतर पडले. परवडणारे घर विरार, कल्याण किंवा पनवेलकडे आणि नोकरी शहरात, ही परिचारिकांचीही कथा आहे. मार्च २०२० मध्ये लोकल गाड्या थांबल्या आणि अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी त्या पुन्हा सुरू झाल्या १५ जूनला. मधले जवळजवळ तीन महिने बसची वाट पाहण्यात आणि रस्त्यावर तासन्‌तास घालवण्यात गेले. घरी पोहोचल्यावर स्वयंपाक, मुले आणि सासू-सासरे ही दुसरी पाळी वाट पाहत होतीच. ज्या समाजात बाईच्या घरकामाचे तास मोजण्याची रीत नाही, त्या समाजाला परिचारिकेच्या कामाचे तासही मोजावेसे वाटत नाहीत, यात आश्चर्य नाही. तिच्या कामाला ‘सेवा’ म्हटले की हिशेबाची भाषा आपोआप अप्रशस्त ठरते.

या सेवाभावाचे थोर उदाहरण महाराष्ट्रापुढे आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ रुग्णांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. त्या त्यागापुढे मान लवते, ती योग्यच आहे. पण सावित्रीबाईंनी स्वेच्छेने पत्करलेली जोखीम निराळी आणि नोकरी टिकवण्यासाठी एखाद्या परिचारिकेवर लादलेली बारा तासांची पाळी निराळी. पहिलीचा दाखला देऊन दुसरीचे समर्थन करणे हा त्या थोर स्त्रीचाही अवमान ठरेल. व्यक्तीने त्याग करावा, हे व्यक्तीला शोभते. संस्थेने आपला कारभार इतरांच्या त्यागावर चालवावा, हे संस्थेला शोभत नाही.

कायद्याचे मौन

त्याच १८९७ साली ब्रिटिश सरकारने केलेला साथरोग कायदा कोविडच्या काळातही लागू करण्यात आला. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती होऊन, आरोग्य कर्मचाऱ्याला गंभीर दुखापत करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद झाली. ती आवश्यकच होती. परंतु परिचारिकेला जमावाच्या दगडापासून वाचवणारा हा कायदा तिला थकव्यापासून वाचवत नाही. तिने किती तास काम करावे आणि दोन पाळ्यांमध्ये तिला किती विश्रांती मिळावी, याविषयी तो मूक आहे. उलट १५ मे २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने काढलेल्या सूचनेने, कोविड कक्षातील कामानंतरचे सरसकट विलगीकरण अनावश्यक ठरवले. विलगीकरणाचा काळ रजेत न धरता कामाचाच भाग मानला पाहिजे, एवढ्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

कामाचे तास आणि साथ यांच्या संबंधाविषयी त्या न्यायालयाने त्याच वर्षी एक महत्त्वाचा निवाडा दिला. तो कारखान्यांच्या संदर्भात होता. गुजरात सरकारने एप्रिल २०२० मध्ये कामगारांचा दिवस बारा तासांचा व आठवडा ७२ तासांचा करण्याची मुभा कारखानदारांना दिली होती आणि जादा कामाचा दुप्पट मोबदलाही काढून घेतला होता. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली. साथीमुळे आलेली आर्थिक अडचण ही कामगारांचे कायदेशीर हक्क स्थगित करण्याचे निमित्त होऊ शकत नाही, हा त्या निवाड्याचा आशय आहे. कारखान्यातल्या यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला जे संरक्षण मिळते, ते कृत्रिम श्वसनयंत्रापाशी उभ्या असलेल्या स्त्रीला मिळू नये, याचे समर्थन कोणत्या तर्काने करता येईल? विमानचालकाचे तास नियमाने बांधलेले असतात, ते त्याच्यावर मेहेरबानी म्हणून नव्हे. मागे बसलेल्या प्रवाशांचा जीव त्याच्या सावधतेवर अवलंबून असतो म्हणून. परिचारिकेच्या मागे प्रवासी नसतात, पुढे रुग्ण असतात. एवढाच काय तो फरक.

नियम कसे असावेत याचा शोध नव्याने घ्यावयाचा आहे असेही नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने जून १९७७ मध्ये परिचर्या कर्मचाऱ्यांविषयी एक करार आणि त्याला जोडून एक शिफारस संमत केली. कामाचा दिवस सामान्यतः आठ तासांचा, जादा कामासह बारा तासांच्या आत, आणि दोन पाळ्यांमध्ये किमान बारा तासांची सलग विश्रांती, असे तिचे सूत्र आहे. भारताने या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. देशांतर्गत पातळीवर, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांना किमान वीस हजार रुपये वेतन मिळावे आणि कामाचे तास व रजा यांबाबत त्यांना सरकारी परिचारिकांच्या बरोबरीने वागवावे, असे सुचवले. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली, आणि सोपवलेल्या कामांचे जे होते तेच बहुतेक ठिकाणी तिचे झाले.

साथ येण्यापूर्वी

त्याचे फळ मे २०२० मध्ये दिसले. कोलकात्याच्या खासगी रुग्णालयांतून मणिपूरच्या तीनशेहून अधिक परिचारिका नोकरी सोडून आपल्या राज्यात परतल्या. त्याच महिन्यात महाराष्ट्राला केरळकडे ५० डॉक्टर आणि १०० परिचारिका मागाव्या लागल्या. देशातील प्रगत म्हणवणाऱ्या राज्याच्या राजधानीत विस्तीर्ण मैदानांवर हजारो खाटांची तात्पुरती रुग्णालये काही आठवड्यांत उभी राहिली, ही कौतुकाची गोष्ट खरी. पण खाट आठवड्यात तयार होते, परिचारिका तयार व्हायला काही वर्षे लागतात. २००९ मध्ये स्वाइन फ्लूने पुण्याला जी पूर्वसूचना दिली होती, तिचा अर्थ हाच होता. ती साथ ओसरली आणि तो धडाही तिच्याबरोबर विसरला गेला.

यावरून काय करावयास हवे ते स्पष्ट होते. साथीच्या काळात संरक्षक पोशाखात सलग चार तासांपेक्षा अधिक काम नाही आणि पाळी एकंदर सहा तासांची, हा नियम सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांना कायद्याने बंधनकारक केला पाहिजे. दोन पाळ्यांमध्ये बारा तासांची विश्रांती, रात्रपाळ्यांच्या फेरीनंतर हक्काची सुट्टी, विलगीकरणाचा काळ कामात धरणे आणि रुग्णालयाजवळ राहण्याची सोय, या गोष्टी त्यातच याव्यात. निवृत्त आणि नोकरी सोडलेल्या प्रशिक्षित परिचारिकांची जिल्हावार नोंद शांततेच्या काळातच तयार असावी. परिचर्या महाविद्यालयांतील विद्यार्थिनींना स्वस्त मनुष्यबळ म्हणून कक्षात उभे करण्याचा मोह टाळावा. आणि प्रत्येक रुग्णालयाने कोणत्या पाळीत किती रुग्णांमागे किती परिचारिका आहेत, हे दर्शनी भागात फलकावर लिहावे. शुल्काचा फलक लावता येतो, तर हाही लावता येईल.

या सर्वाला पैसा लागेल, हे खरे. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे सहा तासांच्या पाळीसाठी आजच्याहून बऱ्याच अधिक परिचारिका हव्यात, आणि त्या साथीच्या दिवशी बाजारातून आणता येत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०२० मध्ये जगात ५९ लाख परिचारिकांची तूट असल्याचे सांगितले होते. अशा जगात भारतात शिकलेल्या परिचारिका आखाती देशांकडे आणि युरोपकडे जातात, त्या देशप्रेम कमी असते म्हणून नव्हे. येथील रिकामी पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत, भरली तर कंत्राटावर भरली जातात, आणि कंत्राट साथ ओसरताच संपते. कोविडच्या तात्पुरत्या केंद्रांत जिवावर उदार होऊन काम केलेल्या अनेक मुलींना लाट ओसरल्यावर निरोप मिळाला, हे त्यांच्या मागून येणाऱ्या मुलींनी पाहिले आहे. पुढच्या वेळी त्या हाकेला ओ देतील, असे गृहीत धरण्याचा अधिकार शासनाने स्वतःच गमावला आहे.

दोन साथींच्या मधला काळ हा विसरण्याचा काळ मानण्याची सवय जडली आहे. वास्तविक तोच तयारीचा काळ असतो. पुढची साथ कधी येईल हे कोणालाच सांगता येणार नाही. परंतु ती आल्यावर पहिल्या रात्री, पहिल्या कक्षात किती परिचारिका हजर असतील आणि त्यांतली प्रत्येक जण किती तास झोपून आलेली असेल, हे आज भरल्या जाणाऱ्या किंवा रिकाम्या ठेवल्या जाणाऱ्या पदांवरून ठरत आहे.